नाव पोस्टरवर, माणूस मंडपात

खोटं तुम्ही बोललात, साहेब. वडशाला स्टेशनासमोरच्या हॉटेलात, तर्रीपोहे खाताना बोललात, आणि समोर कुंदाबाई बसल्या होत्या. पोस्टरवर तुमचं नाव राहील, काळजी नको, असं म्हणालात आणि ओठाची तर्री कागदी रुमालाला पुसलीत. कुंदाबाईंनी तुमच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. माणसांची नावं तुम्ही कशी गाळता ते मी सात वर्षांपूर्वी पाहिलंय. एकदा स्वतः गाळले जाऊन बघा.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. वडसा हे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांचं ठाणं. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटकं होतात. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशात ओळीनं आहेत, गावची मंडळं येतात, तारीख ठरवतात, सही करतात, जातात. मी दहावी नापास माणूस. सोळा वर्षं प्रॉम्प्टर होतो. आमच्याकडे नटाला रोज वेगळं नाटक, पाठ करायला वेळ नाही, म्हणून प्रॉम्प्टर स्टेजलगत बसून एकेक वाक्य पुरवतो आणि नट ते उचलतो. दुसऱ्यांची वाक्यं पुरवता पुरवता मला स्वतःची सुचायला लागली. तेवढीच माझी शाळा. नाटकं लिहिली, चालली. मग डोक्यात सिनेमा घुसला.

सिनेमाचं नाव 'बांधी'. धानाच्या शेतातला बांध घातलेला तुकडा म्हणजे बांधी. एक विधवा बाई आणि तिचा दीर, आणि मधे अर्ध्या एकराची एक बांधी. ती बाई म्हणजे कुंदा उंदिरवाडे. बावीस वर्षं झाडीपट्टीत काम केलेली बाई. तिनं सिनेमासाठी अख्खा सीझन सोडला, तारखा परत केल्या. सिनेमा दोन तास वीस मिनिटांचा आहे, त्यात कुंदाबाई नाहीत अशी जागा मिळणं कठीण.

अर्धं शूटिंग झालं आणि आमचे पैसे संपले. तेव्हा पैसे घालायला तुम्ही आलात. पुण्याच्या कुठल्याशा महोत्सवात आमची दहा मिनिटांची फीत पाहून आलात, हे मान्य करतो. गाडीतून उतरताच म्हणालात की काम जबरदस्त आहे, पण चेहरा नाही.

"चेहरा हाये नं जी," कुंदाबाई म्हणाल्या आणि आपल्या गालाला बोट लावून दाखवलं. "हा का."

तुम्ही हसलात. मग समजावून सांगितलंत. हा चेहरा म्हणजे तो चेहरा नव्हे. मोबाईलवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्या आधी चेहरा विचारतात, गोष्ट नंतर विचारतात. मुंबईहून एक हिरोईन आणू, ती साडी नेसून चिखलात उतरायला तयार आहे. मी म्हटलं, मग सिनेमा तुम्हीच करा. दोन तास घासाघीस झाली आणि मधला रस्ता निघाला: कुंदाबाई राहतील, पण तहसीलदाराच्या एका सीनसाठी मालिकेतला हिरो अभिराज दिघे एक दिवस येईल, आणि पोस्टरवर त्याचं नाव सगळ्यात वर. बाईंच्या आडनावाचाही विषय तुम्हीच काढलात. उंदिरवाडे हे पोस्टरवर कसं दिसेल, लोक हसतील.

"हसू द्या जी," कुंदाबाई म्हणाल्या. "हसलेला मानूस तिकीट परत मागत नाई."

त्यावरच तुम्ही ते पोह्यांवरचं खोटं बोललात.

दिघे आला. सकाळी दहाला आला, चारला गेला. त्याला आठ वाक्यं होती आणि एकही येत नव्हतं. माझी जुनी खोड, मी कॅमेऱ्याबाहेर बसून पुरवायला लागलो. त्याला ते इतकं आवडलं की म्हणाला, मालिकेतही असा माणूस ठेवायला सांगतो. नंतर कळलं की माझा आवाज त्याच्या आवाजाच्या आधी सगळीकडे रेकॉर्ड झालाय. तहसीलदार बोलायच्या आधी आकाशवाणी व्हावी तसा. तो काढायला तुम्हाला तीन आठवडे लागले, त्याची मी इथे माफी मागतो. तेवढ्याचीच.

मग पोस्टर छापून आलं. दरवाजाएवढा दिघे, काळा चष्मा, आणि मागे लांब धानाच्या शेतात पाठमोरी एक बाई. नाव एकच, त्याचं.

कुंदाबाईंनी पोस्टर टेबलावर पसरलं, चष्मा लावला, खाली वाकल्या.

"हे मांगं कोन उभं हाये जी?"

"तुम्ही."

"मले वाटलं बुजगावनं हाये."

हसल्या. मीही हसलो. मग त्या पोस्टरची गुंडाळी करता करता म्हणाल्या, "लेखकभाऊ, एक सीझन मी घरी बसली. आता कंपनीवाला इचारन, कुठं होतीस बाई सालभर. त्याले मी का दाखवू? पाठ?"

आमच्या धंद्यात नाव म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगतो. इथे मंडळ नाटक विकत घेत नाही, नावं विकत घेतं. पोस्टरवर कोण आहे ते पाहून तारीख ठरते. एक सीझन नाव छापलं नाही की लोक समजतात बाई थकली. दुसऱ्या सीझनला तिला आईचं काम देतात, तिसऱ्याला देतच नाहीत. कुंदाबाई तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांना हे पोस्टर म्हणजे पुढची दहा वर्षं होती.

तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, तो मार्केटिंगचा निर्णय आहे, माझ्या हातात नाही. ज्याच्या हातात पैसे त्याच्या हातात पोस्टर नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

आता यात माझी चूक आली. करारात तुम्ही एक गोष्ट हसत हसत मला दिली होती. कंपनीला विकण्याआधी आमच्या भागात हा सिनेमा कापडी पडद्यावर दाखवायचा हक्क माझा, त्याचा पैसा मात्र आधी तुमच्या भरपाईला. तुम्हाला वाटलं, गावात काय दाखवणार हा. मी एका रविवारी वडशाच्या ऑफिसात बसून अठरा गावं विकली. साहेब, तो रविवार बघायला हवा होतात. चहावाला सारखा आत-बाहेर, मंडळांची रांग जिन्यापर्यंत, सहीला पेन कमी पडलं. आता सिनेमा विकायचं करारपत्र आमच्याकडे कुठलं असणार. नाटकाची छापील करारपत्रं गठ्ठ्यानं पडलेली होती, कुंदाबाईंनीच कपाटातून काढून दिली, मी 'नाटक' खोडून वर 'सिनेमा' लिहीत गेलो आणि सह्या ठोकत गेलो. सोळा वर्षं त्या कागदाखाली लोकांना सह्या करताना पाहिलं. वाचायची गरज कुणाला वाटते?

पहिला खेळ सावरटोल्याला होता, फेब्रुवारीत. तुम्ही दुपारीच हजर झालात आणि बरोबर मुंबईच्या मॅडमना घेऊन आलात, मोबाईल कंपनीच्या. अस्सल ग्रामीण प्रतिसाद दाखवायचा होता ना त्यांना. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकलेल्या होत्या. मंडळाचे अध्यक्ष पत्रू नाकाडे तिथे बसले होते. राइस मिलमध्ये काट्यावर बसणारा माणूस, अर्धा किलोही इकडचा तिकडे होऊ देत नाही. त्यांनी तुम्हाला नमस्कार केला, पाणी दिलं आणि विचारलं की दिघे साहेब कोणत्या गाडीनं येतात.

तुम्ही म्हणालात, ते शूटिंगमध्ये आहेत, सिनेमात दिसतील.

"सिनेमात तं दिसतील जी. मंडपात कवा दिसतील?"

मग तुम्ही त्यांना सिनेमा म्हणजे काय ते समजावलंत. एकदा नटाचं चित्र घेतलं की नटाला पुन्हा यावं लागत नाही, तीच तर सिनेमाची गंमत. पत्रूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. 

"हे आमाले समजते जी. आमच्या इकडं टीवी हाये," ते म्हणाले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. "पन हे कलम सात का म्हनते, पाहा. जाहिरातीत ज्या कलावंतांची नावे अथवा छायाचित्रे असतील, ते सर्व कलावंत प्रयोगाचे वेळी मंडपात स्वतः हजर राहतील. एकही कलावंत गैरहजर असल्यास मंडळ ठरलेल्या रकमेतून निम्मी रक्कम कापून घेईल. सही तुमच्या मानसाची हाये."

तुम्ही माझ्याकडे वळलात. हे काय आहे, असं विचारलंत. मी म्हटलं, करारपत्र. तुम्ही म्हणालात, हे नाटकाचं आहे. मी म्हटलं, आमच्याकडे तेवढंच छापलेलं मिळतं.

"अठराही गावांना हेच दिलंस?"

"एकच गठ्ठा होता."

मॅडम तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. तुमच्या लक्षात आलं नाही, कारण तुम्ही निम्म्याला अठरानं गुणत होतात.

तुम्ही दिघेला फोन लावलात, आवाज मोठा करून, म्हणजे गावाला कळावं की खटपट चालू आहे. दिघे गोड माणूस. सावरटोला कुठल्या राज्यात येतं, एवढंच त्यानं विचारलं. मग त्याचा मॅनेजर फोनवर आला आणि अठरा संध्याकाळींचा आकडा त्यानं सांगितला.  त्या आकड्यात 'बांधी' दोनदा झाली असती.

तेवढ्यात बँड ऐकू आला.

मंडळाचा सचिव आणि चार जण सकाळपासून वडसा स्टेशनावर दिघेला घ्यायला गेले होते, गाडी, हार आणि बँड घेऊन. त्यांना कुणी परत बोलावलंच नव्हतं. गोंदियाची गाडी आली, तिच्यातून काळा चष्मा घातलेला एक गोरा माणूस बॅग घेऊन उतरला, त्यांनी हार घातला. तो औषध कंपनीचा एमआर होता, खंडाळकर नावाचा, डॉक्टरांना भेटायला आलेला. तो सांगत होता की मी तो नव्हे. सचिवाचं म्हणणं असं की इतकी वर्षं आपण कलावंत पाहतो, पोस्टरवर असतो तसा एक तरी खाली दिसतो का. वाटेत त्याला जेवण दिलं. जेवणानंतर त्याचा विरोध कमी झाला.

तर तो शाळेत आला, गळ्यात झेंडू, मागे बँड, बायका ओवाळायला पुढे. आणि साहेब, तुम्ही एक क्षण त्याच्याकडे निरखून पाहिलंत. खरं सांगा. मी तुमच्या शेजारी होतो. तुम्ही हळूच मला विचारलंत, लांबून चालेल का हा?

खंडाळकर म्हणाला, नुसतं बसायचं असेल तर बसतो, परतीची गाडी तशीही गेली.

"हा दिघे नोहे जी," पत्रूभाऊंनी तुमचा डाव बसायच्या आधीच उचलून ठेवला. "पन जेवला हाये. राहू द्या."

एवढा वेळ कुंदाबाई शाळेच्या पायरीवर बसून लुगड्याला चिकटलेली कुसळं काढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "नाव काढून टाका नं मग."

कुणाला काही कळलं नाही. त्या उठून आल्या. म्हणाल्या, हे कलम सात बावीस वर्षं माझ्या मानेवर आहे. अंगात ताप असो, पोराची परीक्षा असो, एकदा सासू गेली त्या दिवशीसुद्धा, नाव छापलं म्हणून मी उभी राहिली. जाहिरातीत नाव आहे म्हणून माणूस पाहिजे. नाव नाही, तर माणूस नको. सरळ आहे.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा कुसळं काढायला घेतली. कपाटात नाटकाची करारपत्रं होती हे खरं. पण त्याच्या शेजारी कोऱ्या कागदांचंही एक रीम होतं, हे मला तेव्हा, त्या व्हरांड्यात आठवलं. मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

तुम्ही विचार केलात. दिघेबरोबरच्या कागदात त्याचं नाव वर पाहिजे होतं, मंडळाच्या कागदात तो मंडपात पाहिजे होता, आणि दोन्हीकडून पैसा तुमचाच जात होता. पण दिघे सावरटोल्याला येऊन पोस्टर बघणार नव्हता. तुम्ही करारपत्राच्या पाठीमागे स्वतःच्या हातानं लिहिलंत की अठरा गावांच्या जाहिरातीतून श्री. दिघे यांचे नाव व छायाचित्र काढण्यास माझी संमती आहे. सही केलीत. पत्रूभाऊंनी ती शाई वाळेपर्यंत फुंकली.

"आता जाहिरातीत कोन?" त्यांनी विचारलं. "कोऱ्या पोस्टरवर लोक कसे बलावू?"

तुम्ही इतके थकला होतात की हात हलवून म्हणालात, बाईंचं टाका.

गण्या पेंटर शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतींचे, बोर्ड रंगवतो. तो चुना आणि लाल रंगाचा डबा घेऊन मंडपाच्या दारावरच्या मोठ्या पोस्टरला शिडी लावून चढला. आधी दिघेचा चष्मा गेला, मग नाक. 'कुंदा' कपाळावर आरामात बसलं. 'उंदिरवाडे'ला गाल पुरेनात, त्यानं हनुवटीही घेतली. खाली साठ-सत्तर माणसं मान वर करून उभी, 'डे'ची शेपटी कुठे जाते यावर दोन गट पडले. कुंदाबाई शिडी धरून उभ्या होत्या. खरं तर शिडी धरायची गरज नव्हती.

वाटलं, संपलं. पण पत्रूभाऊंचं बोट कागदावर एक ओळ खाली सरकलं होतं.

कलम आठ. जाहिरातीत नसलेला कलावंत मंडळाच्या परवानगीशिवाय प्रयोगात उतरवू नये. पूर्वी कंपन्या एकाचं नाव सांगून भलत्यालाच उभं करत, त्यासाठी ते आलेलं.

"सिनेमात दिघे साहेब किती टाइम हाये जी?"

अडीच मिनिटं, मी म्हटलं.

"तेवढं झाका."

तुमचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. बांधी कुणाला मिळते ते त्याच सीनमध्ये ठरतं, तो झाकला तर सिनेमा कुणाला कळणार नाही, वगैरे. परवानगी द्या, म्हणालात. पत्रूभाऊ म्हणाले, परवानगी द्यायला मंडळाची मीटिंग लागते, मीटिंगला सात दिवस आधी नोटीस लागते. थट्टा करत होते की नाही, मला आजही सांगता येणार नाही. काट्यावरच्या माणसाचा चेहरा तसाच असतो.

"मी करते नं," कुंदाबाई म्हणाल्या. "तेवढं उभं राहून करते. लेखकभाऊ तहसीलदाराचं बोलतीन."

दिवेलागणीला सिनेमा सुरू झाला. शामियान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तुम्ही, मॅडम आणि खंडाळकर पहिल्या रांगेत. खंडाळकरच्या गळ्यातला हार कुणी काढून घेतला नव्हता. आमचे लोक सिनेमा नाटकासारखाच बघतात हे तुम्हाला नवीन होतं. पडद्यावरच्या दिराला शिव्या मिळाल्या. कुंदाबाईंच्या रडण्याला बक्षीस आलं, ते माईकवर जाहीर करायला मशीन थांबवावं लागलं. रोवणीच्या, म्हणजे धानलावणीच्या, गाण्याला वन्समोअर. मशीनवाला नागपूरचा पोरगेला माणूस, त्याला मागे कसं न्यायचं हे तीन वेळा करून पाठ झालं.

तहसील कचेरीचं दार पडद्यावर आलं आणि मशीनवाल्यानं काचेपुढे पुठ्ठा धरला. आवाज बंद. कापड नुसतं पांढरं.

कुंदाबाई पडद्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मी कापडामागे, हातात वही नाही, काही नाही. मी तहसीलदाराचं पहिलं वाक्य बोललो. बाई, कागद आणला का.

शूटिंगच्या दिवशी कुंदाबाईंनी हा सीन दिघेकडे बघत केला होता, आणि दिघे माझ्याकडे बघत होता. आता त्यांच्यापुढे दोन हजार माणसं होती. त्यांनी तीच वाक्यं म्हटली. कागद नवऱ्याबरोबर जळला साहेब, पण ही बांधी मी पायानं ओळखते, डोळे बांधा आणि सोडा मला. हे माझं वाक्य. पुढचं माझं नव्हतं. त्यांनी खरोखर पदर डोळ्यांवर बांधला आणि त्या शामियान्यात चालायला लागल्या. लोक बाजूला सरत गेले. मी कापडामागून तहसीलदाराचं एकेक वाक्य मोठ्यानं टाकत होतो आणि त्या चालता चालता उत्तर देत होत्या, इथे पाणी साचते, इथे माझा पोरगा पडला होता, इथे बांध फुटतो. एका जागी थांबल्या. खाली बसून जमिनीला हात लावला.

"हेच हाये साहेब," म्हणाल्या. "लिहून घ्या."

पदर सोडला तेव्हा त्या पहिल्या रांगेत, बरोबर तुमच्या पायाशी बसलेल्या होत्या.

वन्समोअर तीनदा झाला. तिसऱ्या वेळी मॅडमनी तुम्हाला विचारलं की हे फिल्ममध्ये का नाही. तुम्ही रडत होतात. मी कापडाच्या फटीतून पाहिलं. खेळ संपल्यावर तुम्ही दोन्ही हातांनी कुंदाबाईंचा हात धरलात आणि म्हणालात, बाई, तुम्ही स्टार आहात. खंडाळकरनं आपला हार काढून त्यांना घातला. पत्रूभाऊंनी पूर्ण रक्कम दिली, एक रुपया कापला नाही.

पुढची सतरा गावं तशीच झाली. सतरा वेळा पुठ्ठा, सतरा वेळा पदर. कुठे बाई विहिरीपाशी थांबल्या, कुठे बैलापाशी, एका गावात पोलीस पाटलाच्या मांडीशी. मी आयुष्यात इतका हसलो नाही. तुमची भरपाई होळीच्या आत झाली आणि कुंदाबाईंच्या पुढच्या सीझनच्या तारखा अठरा गावांनी आधीच धरून ठेवल्या.

आणि मग सहा महिन्यांनी सिनेमा मोबाईलवर आला.

कुंदाबाई आरमोरीला राहतात. त्यांच्या मुलानं अंगणात खाटेवर सगळ्यांना बसवून सिनेमा लावला. सिनेमा उघडायच्या चित्रावर दिघेचा चेहरा होता, ते आम्ही धरूनच चाललो होतो. दोन तास वीस मिनिटं झाली. नावं वर सरकायला लागली. दिघे पहिला. त्याच्या केशभूषाकाराचं नाव होतं, त्याच्या ड्रायव्हरचं होतं. सगळ्यात शेवटी एक ओळ आली: 'तसेच स्थानिक कलाकार व ग्रामस्थ'. मुलानं मागे नेलं, पुन्हा पाहिलं. पुन्हा मागे नेलं.

"राहू दे," कुंदाबाई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "लेखकभाऊ, हे असं होईन म्हनून कागदात होतं का?"

होतं. तुमच्या करारात कलम अकरा, 'स्थानिक कलाकारांचा उल्लेख एकत्रित करण्यात येईल'. नाटकाच्या कागदावर मी न वाचता सही केली. हा मात्र वाचला होता, दोनदा वाचला होता, पोह्यांच्या आधीच. सही केली नाही तर सिनेमा होणार नव्हता. हॉटेलात त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मान हलवली ती हे माहीत असून हलवली.

मी म्हटलं, नाही, कागदात असं काही नव्हतं.

म्हणजे खोटं आपण दोघंही बोललो, साहेब. माझं मी मागल्या महिन्यात आरमोरीला जाऊन, त्याच खाटेवर बसून फेडलं.  कुंदाबाई म्हणाल्या की हे मला तुम्ही नाही म्हणालात त्याच दिवशी कळलं होतं, तुम्ही कधी सांगता ते बघत होती. चहा दिला. साखर नव्हती त्यात. विसरल्या की मुद्दाम, मी विचारलं नाही, प्यालो.

हे सगळं आज लिहायचं कारण काल तुमच्या ऑफिसातून आलेला फोन. चांगली मुलगी होती, मला सर म्हणाली. सावरटोल्याच्या त्या संध्याकाळचं कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं चित्रण म्हणे आता सगळीकडे फिरतंय, पदर बांधून चालणारी बाई, लाखो लोकांनी पाहिलं. सरांचा नवा सिनेमा येतोय, सर म्हणाले हाच चेहरा पाहिजे, बाकी सगळं नंतर बघू. फक्त त्या बाईंचं नाव कुठेच सापडत नाही. सरांना विचारलं, सर म्हणाले वडशाच्या त्या लेखकाला विचार.

मी कुंदाबाईंना फोन लावला. त्या धानाला ऊन दाखवत होत्या. ऐकून इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाल्या, काम करीन, का नाही करणार. पण नाव तू सांगू नको.

सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला अरेतुरे केलं.

म्हणून मी त्या मुलीला काही सांगितलेलं नाही. ती तुमच्या टेबलासमोर वही उघडून उभी असेल. तुम्ही त्या बाईंबरोबर पोहे खाल्लेत, त्यांचा हात हातात धरलात, त्यांच्यापुढे रडलात. तिला तुम्हीच सांगा, जरा मोठ्यानं, ऑफिसातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं: त्या बाईंचं नाव काय?